क्ष-किरण धाकटे, गॅमा किरण थोरले?

शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर टांगलेला विद्युतचुंबकीय वर्णपटाचा तक्ता सर्वांच्या परिचयाचा आहे. एका टोकाला रेडिओ लहरी, मग सूक्ष्मलहरी, अवरक्त, मध्ये सात रंगांची चिंचोळी पट्टी, पुढे अतिनील, क्ष-किरण आणि अगदी शेवटी गॅमा किरण. प्रत्येकाला आपापला चौकोन, आणि दोन चौकोनांमध्ये सरळ उभी रेघ. या तक्त्यावरून परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : पुढीलपैकी सर्वांत जास्त वारंवारता कोणाची? उत्तर ठरलेले, गॅमा किरणांची. विद्यार्थी गुण मिळवतो, शिक्षक पुढच्या धड्याकडे वळतात.

हा तक्ता आणि हा प्रश्न यांची थोडी चिकित्सा करावी, हा या लेखाचा हेतू आहे. तक्ता टाकाऊ आहे असे मुळीच म्हणायचे नाही. रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंत सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत, निर्वात पोकळीत सर्वांचा वेग एकच, फरक फक्त वारंवारतेचा, ही विज्ञानातली एक फार मोठी गोष्ट तो एका नजरेत दाखवतो. आक्षेप आहे तो त्यातल्या शेवटच्या उभ्या रेघेला. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्यामध्ये वारंवारतेची अशी रेघ निसर्गात नाही. ती आहे असे शिकवल्यामुळे काय बिघडते, हे पाहण्यासाठी आपल्या रत्नागिरीच्या हापूसइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणार नाही.

हापूस आणि कोबाल्ट

अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरणांचा मारा दिल्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. कोयीत लपून बसणारा भुंगेरा आणि फळमाशीसारखे कीटक आंब्याबरोबर तिकडे जाऊन वाढू नयेत, हे त्यामागचे कारण. २००७ साली अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला पुन्हा खुली झाली, ती या अटीवर. तेव्हा हे काम नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते मुळात कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी उभारले होते. पुढे वाशी येथे राज्य कृषी पणन मंडळाचे केंद्रही उभे राहिले.

या दोन्ही ठिकाणी किरणांचा स्रोत कोबाल्ट-६० हा आहे. त्याच्या ऱ्हासात दोन गॅमा किरण बाहेर पडतात, एकाची ऊर्जा १.१७ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि दुसऱ्याची १.३३. आंब्यासाठी ठरलेली किमान मात्रा ४०० ग्रे, म्हणजे दर किलो फळामागे ४०० जूल ऊर्जा.

आता कोकणातल्या एखाद्या बागायतदाराने किंवा आंबा खाणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारले, ‘गॅमा किरण तर सगळ्यांत जहाल. मग क्ष-किरण का वापरत नाहीत? ते सौम्य तरी असतील!’ तर तक्ता पाठ केलेला विद्यार्थी काय उत्तर देईल? तो म्हणेल, बरोबर आहे, क्ष-किरणांची वारंवारता कमी, म्हणून ते सौम्य.

वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. अन्नावर वापरायच्या किरणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तीन प्रकारांना मान्यता आहे : कोबाल्ट-६० किंवा सीझियम-१३७ यांचे गॅमा किरण, यंत्रातून मिळणारे क्ष-किरण, आणि इलेक्ट्रॉनांचा झोत. यंत्राच्या क्ष-किरणांना मर्यादा घातली आहे ती ५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची. अमेरिकेने २००४ साली, सोने किंवा टँटलम या धातूंवर इलेक्ट्रॉन आपटून क्ष-किरण निर्माण केले असतील तर, ही मर्यादा ७.५ पर्यंत वाढवली. हवाई बेटावर २००० सालापासून पपई आणि इतर फळांसाठी क्ष-किरणच वापरले गेले. म्हणजे फळांवर सोडल्या जाणाऱ्या क्ष-किरणांतील सर्वांत जोरदार किरणांची वारंवारता कोबाल्टच्या गॅमा किरणांच्या चौपट असू शकते. तक्त्यातला धाकटा भाऊ थोरल्याच्या डोक्यावरून गेला!

आकडे मांडून पाहू

हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. प्लांकच्या नियमानुसार फोटॉनाची ऊर्जा म्हणजे वारंवारता गुणिले प्लांकचा स्थिरांक. त्यावरून १ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या फोटॉनाची वारंवारता ०.२४१८ एक्साहर्ट्झ येते. एक एक्साहर्ट्झ म्हणजे एकावर अठरा शून्ये इतके हर्ट्झ. या टोकाच्या वारंवारता मांडायला हे एकक सोयीचे पडते. एवढा एक आकडा हाताशी असला की बाकी सगळा साधा गुणाकार उरतो.

लोखंड-५७ च्या अणुकेंद्रकातून निघणारा एक प्रसिद्ध गॅमा किरण १४.४ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा आहे. मॉसबाउअर परिणामाच्या प्रयोगांत तो नेहमी वापरतात. त्याची वारंवारता सुमारे ३.५ एक्साहर्ट्झ. रुग्णालयांत हाडांच्या आणि हृदयाच्या तपासणीसाठी वापरतात त्या टेक्नेशियम-९९एम चा गॅमा किरण १४० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे ३४ एक्साहर्ट्झ. कोबाल्टचे दोन किरण २८४ आणि ३२२ एक्साहर्ट्झ.

आता क्ष-किरण. छातीचे चित्र घेताना नळीला १०० हजार व्होल्टचा दाब दिला, तर सर्वाधिक वारंवारता २४ एक्साहर्ट्झ. ती लोखंड-५७ च्या गॅमा किरणाच्या जवळजवळ सातपट झाली. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने कर्करोगाच्या उपचारासाठी ६ दशलक्ष व्होल्टचे रेषीय त्वरक यंत्र देशातच विकसित केले. त्यातून क्ष-किरण निघतात आणि त्यांची कमाल वारंवारता १,४५० एक्साहर्ट्झ भरते. याउलट भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’ या यंत्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण असतात. दोन्ही यंत्रे आपल्याच राज्यात घडली, दोन्हींचे काम एकच, आणि वारंवारतेत वरचढ क्ष-किरण. इथे कोणी म्हणेल, कमाल आकडा घेऊन तुलना करणे न्याय्य नाही, कारण त्वरकातून निघणाऱ्या क्ष-किरणांत सर्व ऊर्जांचे मिश्रण असते. हा मुद्दा रास्त आहे. पण या मिश्रणाची सरासरी कमाल ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांश धरली, तरी ती २ दशलक्षांच्या आसपास येते. कोबाल्टच्या दोन किरणांची सरासरी आहे १.२५.

सर्वांत बोलके उदाहरण आणखी वेगळे आहे. टंगस्टन धातूच्या क्ष-किरणांतील एक ठळक रेषा ५९.३ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा ठळक गॅमा किरण आहे ५९.५ हजारांचा. वारंवारता अनुक्रमे १४.३ आणि १४.४ एक्साहर्ट्झ. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एक अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉनाने उडी मारल्यामुळे निघाला, दुसरा अणुकेंद्रकातून. बाहेर पडल्यावर दोघांचा प्रवास, दोघांची भेदकता, पेशींवर होणारा दोघांचा परिणाम यांत सांगण्यासारखा फरक नाही. फोटॉनाच्या कपाळावर जन्मस्थानाचा शिक्का नसतो.

रेघ आली कुठून?

मग ही रेघ तक्त्यावर आली कशी? त्याला इतिहास आहे. राँटगेनने क्ष-किरण शोधले १८९५ साली. व्हिलार्डला रेडियमपासून निघणारे अतिशय भेदक किरण दिसले १९०० साली, आणि त्यांना गॅमा हे नाव रदरफर्डने १९०३ मध्ये दिले. या नावांमागे वारंवारतेचा कसलाही विचार नव्हता, असणे शक्यही नव्हते. कारण हे किरण म्हणजे लहरी आहेत की कण, याचाच त्या वेळी निकाल लागला नव्हता. स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे १९१२ मध्ये लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले. १९१४ मध्ये रदरफर्ड आणि आंद्रादे यांनी स्फटिकाच्याच साहाय्याने गॅमा किरणांची तरंगलांबी मोजली. दोन्ही एकाच जातीचे आहेत हे तेव्हा स्पष्ट झाले.

त्या काळच्या क्ष-किरण नळ्या काही दशसहस्र व्होल्टवर चालत. रेडियमपासून मिळणारे गॅमा किरण मात्र २ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जात. म्हणून ‘गॅमाची वारंवारता जास्त’ हे विधान त्या काळच्या उपकरणांविषयी बहुतांशी खरे होते. १९४० साली कर्स्टने बीटाट्रॉन हे यंत्र चालवून दाखवले आणि पाच वर्षांच्या आत अशा यंत्रांतून १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण मिळू लागले. रेघ त्याच वेळी पुसायला हवी होती. तक्त्यावर ती तशीच राहिली.

पाठ्यपुस्तक काय म्हणते?

एन.सी.ई.आर.टी.चे बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक या बाबतीत तपासण्यासारखे आहे. त्याच्या मजकुरात निरनिराळ्या लहरींमध्ये काटेकोर सीमा नाहीत, वर्गीकरण साधारणपणे त्या कशा निर्माण होतात आणि कशा ओळखल्या जातात यावर आधारलेले आहे, असे स्वच्छ सांगितले आहे. मजकुरात दिलेल्या क्ष-किरणांच्या आणि गॅमा किरणांच्या तरंगलांबीच्या पल्ल्यांचा बराच भाग सामाईकही आहे. हे सर्व योग्यच आहे आणि त्याबद्दल लेखकांचे कौतुक केले पाहिजे.

पण धड्याच्या शेवटी येणाऱ्या सारणीत हा सामाईक भाग नाहीसा होतो. तिथे क्ष-किरण १ नॅनोमीटरपासून एक सहस्रांश नॅनोमीटरपर्यंत, आणि त्याहून कमी तरंगलांबीचे ते गॅमा किरण. त्याच सारणीच्या पुढच्या रकान्यात गॅमा किरणांचा उगम म्हणून अणुकेंद्रकाचा किरणोत्सारी ऱ्हास दिलेला आहे. हे दोन रकाने एकमेकांशी जुळतात का, हे आपल्या कोबाल्टवर तपासून पाहा. एक सहस्रांश नॅनोमीटर तरंगलांबी म्हणजे ३०० एक्साहर्ट्झ, ऊर्जेत १.२४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट. कोबाल्टच्या ऱ्हासातले दोन फोटॉन एकाच अणुकेंद्रकातून, निमिषाच्याही अत्यल्प अंशात, एकामागून एक निघतात. त्यांतला पहिला २८४ चा, दुसरा ३२२ चा. तरंगलांबीच्या रकान्याप्रमाणे पहिला क्ष-किरण ठरतो आणि दुसरा गॅमा! उगमाच्या रकान्याप्रमाणे दोन्ही गॅमा. सीझियम-१३७ आणि टेक्नेशियमचे किरण तर पहिल्या रकान्याच्या हिशेबाने सरसकट क्ष-किरण होतात.

विद्यार्थी मजकूर एकदा वाचतो आणि सारणी पाठ करतो. प्रश्नही सारणीवरच निघतात. त्यामुळे मजकुरातला विवेक वाया जातो आणि सारणीतली रेघ तेवढी मनात पक्की होते. या पुस्तकाविषयी माझी मुख्य तक्रार ही आहे.

उगमाची व्याख्या तरी निर्दोष आहे का?

तर मग उगमावरून नाव द्यावे, झाले, असे कोणी म्हणेल. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीतून निघतो तो क्ष-किरण, अणुकेंद्रकातून निघतो तो गॅमा. भौतिकशास्त्रज्ञ बहुतेक वेळा हीच पद्धत पाळतात आणि शाळेतही तीच अधिक सरळ पडेल. मात्र तिच्याही मर्यादा सांगितल्या पाहिजेत.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना भेटून नष्ट झाले की ५११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन फोटॉन निघतात. ते अणुकेंद्रकातून आलेले नसतात, तरी त्यांना गॅमाच म्हणतात. दुसरीकडे थोरियम-२२९ चे अणुकेंद्रक. त्याच्या एका उत्तेजित अवस्थेची ऊर्जा जेमतेम ८.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. २०२४ साली लेसरने हे संक्रमण घडवून आणले गेले आणि त्याची वारंवारता अतिशय अचूक मोजली गेली, ती सुमारे २,०२० टेराहर्ट्झ. हा फोटॉन निघतो अणुकेंद्रकातून, पण तक्त्यावर त्याची जागा अतिनील किरणांत आहे.

खगोलशास्त्रज्ञांची अडचण आणखी निराळी. दूरच्या ताऱ्याकडून आलेला फोटॉन कसा जन्मला हे आधी ठाऊकच नसते, ते तर शोधायचे असते. म्हणून ते सोयीसाठी ऊर्जेवरून नाव देतात. साधारण १०० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गॅमा, खाली क्ष. ही सीमा पाठ्यपुस्तकातील सारणीच्या सीमेपेक्षा बारा पटींनी खाली आहे. शिवाय ती ढिलीच असते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या उपग्रहावर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची ‘आयुका’ आणि इतर संस्थांच्या सहभागातून तयार झालेले एक उपकरण आहे. कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे ते बनलेले आहे आणि उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांसाठी योजलेले आहे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, ते चालू केले त्याच दिवशी, त्याने टिपला तो गॅमा किरणांचा स्फोट! त्या क्ष-किरण उपकरणाची ऊर्जामापनाची अचूकता पडताळण्यासाठी त्यावर अमेरिशियम-२४१ चा स्रोत बसवला आहे, म्हणजे मापदंड पुन्हा गॅमा किरणाचाच. तिथल्या शास्त्रज्ञांचे यात काही अडत नाही, कारण ते नावाने नव्हे, ऊर्जेच्या आकड्याने बोलतात.

यात एवढे काय बिघडले?

एका गुणाच्या प्रश्नासाठी हा खटाटोप कशाला, असे शिक्षकमित्रांना वाटेल. पुन्हा हापूसकडे वळू.

किरण दिलेला आंबा स्वतः किरणोत्सारी होतो का, ही लोकांची खरी शंका असते. तिचे उत्तर ‘गॅमा’ किंवा ‘क्ष’ या नावात नाही, ऊर्जेच्या आकड्यात आहे. फोटॉनाने अणुकेंद्रकातून न्यूट्रॉन उडवला तरच पदार्थ किरणोत्सारी होण्याचा संभव. आंब्यातल्या नायट्रोजनाला त्यासाठी १०.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ऑक्सिजनला १५.७, कार्बनला १८.७. पाण्यात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या जड हायड्रोजनालादेखील २.२ लागतात. कोबाल्टच्या फोटॉनाजवळ १.३३ च्या वर काही नाही. तेव्हा आंबा किरणोत्सारी होत नाही. आणि यंत्रातल्या क्ष-किरणांना ५ दशलक्षांची मर्यादा का घातली, तेही आता उमगते. नियम करणाऱ्यांना काळजी होती ती क्ष-किरणांच्या चढत्या वारंवारतेची.

दुसरी गल्लत मात्रेची. वारंवारता हा एका फोटॉनाचा गुण आहे. एकूण किती ऊर्जा शोषली गेली, ती मात्रा. ४०० ग्रे मात्रेने आंब्याचे तापमान फार तर अंशाचा एक दशांश वाढते. तेवढ्यात भुंगेऱ्याची पैदास थांबते, कारण त्याच्या पेशींतील गुणसूत्रे तुटतात. माणसाच्या सर्वांगाला मात्र चार-पाच ग्रे एकदम मिळाले तरी प्राणावर बेतते. मग ते ग्रे कोबाल्टचे असोत वा क्ष-किरण यंत्राचे. ‘क्ष-किरण धाकटे म्हणून निर्धोक’ ही समजूत घेऊन एखादा विद्यार्थी उद्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून लागला, तर ती त्याला महागात पडू शकते. आणि ‘गॅमा म्हणजे जहाल विष’ ही समजूत घेऊन दुसरा बागायतदार झाला, तर तो निर्यातीची वाट विनाकारण सोडून देईल. आपल्या जिल्ह्यात जैतापूर प्रकल्पाच्या निमित्ताने किरणोत्साराची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. प्रकल्प हवा की नको, हा प्रत्येकाच्या मताचा प्रश्न. पण चर्चा करताना ऊर्जा आणि मात्रा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, आणि ते शिकवण्याची जागा शाळेचा वर्गच आहे.

वर्गात काय करता येईल?

तक्ता फाडायची गरज नाही. क्ष आणि गॅमा यांच्यामधली उभी रेघ पांढऱ्या कागदाने झाकावी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या जोडाव्यात. क्ष-किरणांची पट्टी अतिनीलच्या शेजारून सुरू होऊन उजवीकडे लांबवर जावी. गॅमा किरणांची पट्टी तिच्या खाली, काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्टपासून सुरू व्हावी. दोन्ही पट्ट्या बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकींवर येतात हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग वर दिलेले आकडे, म्हणजे लोखंड, टंगस्टन, अमेरिशियम, टेक्नेशियम, कोबाल्ट आणि त्वरक यंत्र, मुलांकडून गुणाकार करवून योग्य जागी टाचणीने लावावेत.

प्रश्नही बदलता येईल. ‘वारंवारता कोणाची जास्त, क्ष की गॅमा?’ याऐवजी ‘१२० हजार व्होल्टच्या नळीतील क्ष-किरणांची कमाल वारंवारता काढा आणि ती टेक्नेशियमच्या गॅमा किरणाशी ताडून पाहा’ असे विचारावे. उत्तर येईल २९ विरुद्ध ३४ एक्साहर्ट्झ. मग दाब १५० हजार करून पुन्हा विचारावे. आता ३६ विरुद्ध ३४. नळीचा दाब जरा वाढवताच निकाल फिरतो, हे मुलाने स्वतः काढलेले उत्तर असेल.

राहिला बोर्डाच्या परीक्षेचा प्रश्न. तिथे पर्यायांत गॅमा असेल तर मुलांनी गॅमाच लिहावे, गुण घालवू नयेत. निसर्गात आढळणाऱ्या सर्वोच्च ऊर्जेच्या फोटॉनांना, ज्यांची ऊर्जा कोबाल्टच्या अब्जपट आढळली आहे, आपण गॅमा म्हणतो, एवढ्या अर्थाने ते उत्तर चालण्यासारखे आहे. मात्र प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आणि पुस्तक सुधारणाऱ्यांनी ही रेघ मनावर घ्यावी. सारणीत ‘क्ष व गॅमा यांचे पल्ले एकमेकांत मिसळतात, नाव उगमावरून’ एवढी एक ओळ घातली, तरी या लेखातला अर्धा आक्षेप मी मागे घेईन.